रस्त्यात थांबणारी माणसं

तुमची आई चालता चालता बोलते, की बोलायला थांबते?

माहीत नाही ना? मलाही माहीत नव्हतं. आईची साखर किती, चष्म्याचा नंबर किती, कोणता गुडघा दुखतो, हे आपण सांगू शकतो. ती चालते कशी हे सांगता येत नाही, कारण आपण कायम तिच्या पुढे चालत असतो. हा शोध माझा नाही. अमरावतीत ज्या बाईंच्या घरी मी भाड्यानं राहायचे त्यांचा आहे. भर बाजारात माझा दंड धरून त्यांनी मला सुनावलं होतं, "पोट्टी पुढं पुढं पळते आन् मंग म्हणते, माय मागं राहिली. वळून पाह्यलं कवा?"

गल्ली त्यांना 'मालिशवाली बाई' म्हणायची. एका धर्मादाय दवाखान्यात त्यांनी फिजिओथेरपिस्ट म्हणून उभी नोकरी काढली होती आणि निवृत्त होऊनही त्या निवृत्त झाल्या नव्हत्या. मालिश हा शब्द कानावर पडला की त्या उसळायच्या. "मालिश पहेलवानाची होते. मी मानसं उभी करतो!" मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या मला पोट्टी म्हणायच्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे.

एका जागी बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. वरच्या मजल्यावर त्या राहायच्या, खालच्या खोलीत मी. चहाचा कप घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या आणि खालून जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज ऐकायच्या. पाय घासत जाणाऱ्याला त्यांच्याकडे एकच नाव होतं: घासलेट. "घासलेट आलं पाह्य." मी खिडकीतून डोकावलं की खरंच कोणीतरी आजोबा, पाऊल न उचलता, रस्ता पुसत चाललेले असायचे. पाय फाकवून डुलत चालणारा तो होडी. आणि वळताना जो एकदम वळत नाही, जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत फिरतो, तो मालगाडी. "इंजिन वळलं, डबे अजून ठेसनातच." मला हसू यायचं. त्यांना यायचं नाही. घासलेट दिसलं की त्या कप ठेवून, पदर खोचून जिना उतरायच्या आणि त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या मागे जायच्या.

लोक वैतागायचे. का नाही वैतागणार? बाई तुमच्या घरी हळदीकुंकवाला येते आणि निघताना दारातलं पायपुसणं गुंडाळून काखेत मारते. घरात म्हातारं माणूस असेल तर सुटी गोधडी, घसरणारी सतरंजी, काठ वर आलेलं पायपुसणं, काहीही शिल्लक राहायचं नाही. आमच्या जिन्याखाली त्यांचा ढीग होता. एकदा शेजारीण दारात आली.

"बाई, आमचं पायपुसणं?"

"मेलं ते."

"अवं, नवीन होतं!"

"तुह्या सासूची हाडं जुनी हायेत ना पण."

देवीच्या देवळाबाहेर तर त्या चपलाचोर म्हणून धरल्या गेल्या. म्हाताऱ्या माणसांच्या चपला उलट्या करून त्या तळ पाहत होत्या. चपला सांभाळणाऱ्या बाईनं मनगट पकडलं. "काय वं म्हातारे, माप पाहून राहिली काय?"

"माप नाई. झीज." मावशींनी चप्पल सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे कोनाची? एकाच अंगानं खाल्ली हाय पुरी. बोलवा त्या मानसाले."

दर्शन घेऊन एक जाडजूड शेठ बाहेर आले. आपली चप्पल परक्या बाईच्या हातात पाहून भडकले. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "चाला बरं जरासे." आणि शेठ चालले! भर गर्दीत, अनवाणी, खांबापर्यंत जाऊन परत आले. त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की माणसाचे पाय आधी ऐकायचे आणि राग नंतर यायचा. शेठ वळले तसं मावशी माझ्या कानात पुटपुटल्या, "मालगाडी."

त्यांना एवढी घाई कशाची होती, हे मला हळूहळू कळलं. त्यांची आई न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा खाटेवरून उठली नाही. आता त्यांची एकुलती मुलगी अकोल्यात वकील होती. लिफ्टवाली इमारत, गुळगुळीत फरशी, दोघं नवराबायको दिवसभर बाहेर. तिनं आईकडून कबूल करून घेतलं होतं: एकदा जरी पडलीस, तरी सामान बांधायचं आणि अकोल्याला यायचं. मावशींनी कबूल केलं, कारण पडायचा त्यांचा विचारच नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात पडणं या शब्दाऐवजी अकोला हा शब्द रूढ झाला. मी जिन्यावर पाणी सांडलं की वरून आवाज यायचा, "पुसून घे वं, नाईतर अकोला!"

अकोल्याशी त्यांचं वैर नव्हतं. तिथे आपल्याला प्रेमानं खुर्चीत बसवतील, याची त्यांना भीती होती. मेळघाटात धारणीकडे दवाखान्याची शिबिरं व्हायची, तिथल्या बायांचं त्या सांगायच्या. डोक्यावर मोळी, खाली दगडधोंडे, आणि तोंड अखंड चालू. "त्या बी पडतेत. पण त्याईचे पाय इसरले नाई. बसवून ठेवलं का पाय इसरतेत."

आता गुरुजींचं सांगते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. घराणं भिक्षुकीचं, स्वतः शाळेत संस्कृत शिकवलेले. धोतर पांढरंशुभ्र, आवाज मऊ. त्यांची ख्याती अशी की नमस्कार केला की ते थांबत. नुसती मान हलवून पुढे जाणं नाही. पूर्ण थांबत, हात जोडत, घरच्यांची चौकशी करत, मगच पाऊल उचलत. गल्लीतल्या आया पोरांना सांगायच्या, "मान कसा द्याव लागते ते गुरुजीपासून शिका." मलाही ते फार भावायचं. एवढा विद्वान माणूस माझ्यासारख्या भाडेकरू मुलीसाठी उभा राहतो!

एका संध्याकाळी मावशी मला घेऊन त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या.

"गुरुजी, आज तिथी कोनती?"

गुरुजी थांबले. सांगितली. चालू लागले.

"आन् एकादशी कवा हाय?"

थांबले. सांगितली.

"चालता चालता सांगा ना जी!"

गुरुजी हसले. "चालता चालता बोलणं बरं दिसत नाही, बाई."

घरी आल्यावर मावशींच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. "मान नाई देऊन राहिले ते. पाय थांबून राहिले त्याईचे."

"म्हणजे?"

"तू सायकल शिकली तवा मागून कोनी हाक मारली का काय होये?"

"पडायचे."

"काहून?"

"ध्यान हाकेकडे जायचं."

"मंग! चांगल्या पायाले ध्यान लागत नाई, ते आपले आपण चालतेत. पाय कच्चे झाले, तोल कच्चा झाला, का सारं ध्यान चालण्यात खर्च होते. बोलाले उरत नाई. म्हून मानूस बोलाले थांबते. आन् ज्या दिवशी थांबाचं राहून जाईन त्या दिवशी पडते." मग स्वतःच सावरून म्हणाल्या, "सारेच थांबणारे पडत नाईत. न थांबणारे पडत नाई असं बी नाई. पण थांबला तर पाहा तरी त्याच्याकडं!"

त्या गुरुजींच्या घरी गेल्या. मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, "गुरुजी पडतीन." डोळे तपासा, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते डॉक्टरला विचारा, मी रोज येऊन व्यायाम घेते. पण पहिल्या वाक्यानंतर कोणी काही ऐकलंच नाही. सून उठून उभी राहिली. "दिवेलागणीच्या वेळी असं अभद्र काय बोलता वं बाई!"

रस्त्यात मी म्हटलं, "मावशी, पडतील म्हणू नका ना. जपा म्हणा."

"जपा म्हटलं का लोक हो म्हणतेत आन् चहा पाजतेत."

गुरुजी पडले. देवळातून परतताना मागून कोणी मोठ्यानं म्हणालं, "गुरुजी, नमस्कार!" गुरुजी मान द्यायला थांबले, वळले, आणि वळता वळता कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. नमस्कार करणारा माणूस बिचारा तिथेच रडत बसला.

आणि गल्लीनं काय ठरवलं? बाईच्या जिभेनं पाडलं. काळजिभी, म्हणे. सून दारात उभी राहून बोलली, "झालं का समाधान?" मला अजूनही ते आठवलं की मुठी वळतात. सूचना देणारीला चेटकीण ठरवणं किती सोपं आहे! म्हातारा माणूस पडतो तेव्हा आपण त्याला दैव म्हणतो, ग्रह म्हणतो, वय झालं म्हणतो. पडल्यावर धावतो, दवाखान्यात सफरचंदं नेतो, रात्री जागतो. पडण्याआधी त्याच्या पायांकडे बघा, एवढंच म्हणणारी बाई मात्र अभद्र.

मी चिडले. मावशी चिडल्या नाहीत. ऑपरेशन होऊन गुरुजी घरी आले त्या दिवसापासून त्या रोज तिथे जायच्या. कोणी पाणी विचारायचं नाही. पिशवी खुंटीला अडकवायच्या आणि ओरडायच्या, "चला गुरुजी, उठा, संस्कृत नंतर!" वॉकरवरून काठीवर येईपर्यंत मावशींनी त्यांची पाठ सोडली नाही. गुरुजी पुन्हा रस्त्यावर दिसू लागले, पण एक फरक झाला होता. आता ते नमस्काराला उत्तर देत नसत. नजर समोर, काठी, पाऊल, काठी. कट्ट्यापर्यंत पोहोचून बसायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता बोला. आधी बसू, मग बोलू."

गल्ली म्हणाली, "गुरुजी लय माजले!"

हे ऐकून मावशी एवढ्या हसल्या की त्यांना गॅलरीचा कठडा धरावा लागला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील मोर्शीला चळवळीत होते. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांचं कव्हर असायचं आणि भूमितीच्या वहीवर 'जागे व्हा' असं छापलेलं असायचं. मावशींना हे कळल्यावर हुकूम सुटला, "लिही पत्रक." मी मनापासून लिहिलं. मथळा दिला: 'ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचा ज्वलंत प्रश्न'. त्यांनी तो कागद पायपुसण्यांच्या ढिगावर टाकला.

"कोन वाचन हे? ज्वलंत काय, शेगडी हाय काय?"

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी येरझाऱ्या घातल्या आणि वाक्य सांगितलं. या लेखाची सुरुवात मी ज्या प्रश्नानं केली, तोच तो. सकाळी लोक जिथे फिरायला येतात त्या मैदानाच्या फाटकावर आम्ही ती पत्रकं वाटली. एका गृहस्थांनी उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, हे कोणत्या पक्षाचं?"

"पायाच्या."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघी इतवारा बाजारात संत्री आणायला निघालो होतो. मावशींची चाल मला पाठ झाली होती: भरभर, थोडी पुढे झुकलेली, आणि तोंड सतत चालू. त्या दिवशी त्या गप्प होत्या. मी सहज विचारलं, "त्या कोपऱ्यावरच्या काकूंचं पायपुसणं परत दिलं का हो?"

त्या थांबल्या. "नाई दिलं," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मला वाटलं, गंमत करतात. थोडं पुढे जाऊन पुन्हा काहीतरी विचारलं, काय ते आता आठवतही नाही. त्या थांबल्या. उत्तर दिलं. चालू लागल्या.

बाजाराचा सगळा गलका माझ्या कानातून नाहीसा झाला. बोलायचं की नाही? बोलले तर अकोला. न बोलले तर गुरुजी. आणि मला एकाएकी समजलं की गुरुजींची सून दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पण मी या बाईच्या हाताखाली पत्रकं लिहिली होती. तो प्रश्न सगळ्यांच्या आयांसाठी आणि आपल्या माणसासाठी नाही, असं कसं चालेल?

"मावशी, तुम्ही थांबलात."

"कवा?"

"आता. दोनदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले मान दिला वं."

या बाईनं उभ्या आयुष्यात कोणाला मान दिला नव्हता. मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग दोघींचंही हसू अर्ध्यावरच गेलं. शेजारी एका बंद दुकानाची पायरी होती, त्यावर त्या बसल्या. संत्रीवाला "घ्या माय, मोर्शीचा माल हाय" असं ओरडत होता. त्यातच मावशी एकच शब्द बोलल्या.

"अकोला?"

"पडलात कुठे तुम्ही? थांबलात फक्त."

"हो," त्या म्हणाल्या. "हे मीच सांगत फिरतो." आणि तिथेच बसून त्यांनी मुलीला फोन लावला. "मी थांबली," एवढंच म्हणाल्या. पलीकडे समजलं.

मुलगी दुसऱ्याच दिवशी आली, हातात रिकामी मोठी बॅग. मी निघून जायला लागले तर मावशींनी मला दारातच बसवलं. "बस. साक्षीदार हाय तू."

"आई, तूच लोकायले सांगत फिरते ना? थांबला का पाहा, थांबला का पाहा. मंग मी पाहून राहिली. चल."

"पाहा म्हटलं, उचलून न्या नाई म्हटलं."

"आन् पडल्यावर? आजी पडली तवा तू होती तिच्यापाशी. तुले माहीत हाय काय होते ते." मुलीनं बॅग घट्ट धरली. "मी कोर्टात उभी राहतो आन् फोन थरथरला का माहे पाय गळतेत, तुले काय सांगू!"

 असं कोणी मावशींना आजवर ऐकवलं नव्हतं. मग त्या नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, तिथं मी खुर्चीत बसन. तू घरी येशीन तवा मी खुर्चीतच दिसन, तुले बरं वाटन. वर्षभरानं मले उठता येनार नाई. पडनार नाई मी, बरोबर. पडाले आधी उभं राहाव लागते."

मुलीनं बॅग भिंतीला टेकवून ठेवली. मग आईची औषधांची डबी उघडून बसली. त्यात झोपेच्या गोळ्या निघाल्या. दुसऱ्यांच्या गोळ्यांची झडती घेणारी बाई स्वतः त्या घेत होती आणि आम्हा दोघींना पत्ता नव्हता! "झोप येत नाई," मावशी भिंतीकडे पाहत म्हणाल्या. त्या दिवशीच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी त्या गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. मी आणि मावशींनी खोल्यांची अदलाबदल केली: त्या खाली, मी वर. न्हाणीत दांडा बसला. रोज सकाळी स्वयंपाकाचा ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. हे त्यांनी आयुष्यभर लोकांकडून करून घेतलं होतं. स्वतः करताना मात्र मला शिव्या घालायच्या, "काय पाहून राहिली डोळे फाडून? चहा ठेव!"

आणि दर रविवारी अकोल्याहून मुलगी यायची. दोघी गल्लीत चालायच्या आणि ती आईची उलटतपासणी घ्यायची. "काल जेवाले काय होतं? भाजी कोणी आणली? केवढ्याची?" मावशी कधी चालत उत्तर द्यायच्या, कधी थांबायच्या. थांबल्या की मुलगी फक्त कोपर पुढे करायची. गुरुजींची सून फाटकात उभी राहून हे पाहायची. एका रविवारी ती आत गेली, दारातलं पायपुसणं गुंडाळून घेऊन आली आणि मावशींच्या हातात दिलं. 

मग मला नोकरी लागली. कुठे, ते ओळखलंच असेल. मावशींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मी पडली नाई तरी अकोला गेलंच घरातून कोनी ना कोनी!"

मला बसपर्यंत सोडायला त्या चालत आल्या, काठी टेकत. चालीत पूर्वीची घाई नव्हती आणि ते मला सोसत नव्हतं. वाटेत मी विचारलं, "मावशी, अजून काही सांगायचंय का?" त्यांनी ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. नजर समोर, काठी, पाऊल, काठी. स्टँडवरच्या बाकावर बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"हां. आता बोलतो," म्हणाल्या. "तू मोर्शीले गेली होती मागच्या महिन्यात. माय कशी चालते तुही?"

मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून मी स्वस्थ बसू शकत नाही. अकोल्यात खिडकीखालून चपला घासल्याचा आवाज आला की हातातलं काम सुटतं. लग्नात मी जेवणाच्या पंगतीऐवजी स्टेजच्या पायऱ्या पाहते. लोकांना मी विचित्र वाटते. वाटू दे.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी आईबरोबर, बापाबरोबर, सासऱ्यांबरोबर रस्त्यावर या. पुढे पळू नका, बाजूनं चाला, आणि काहीतरी साधं विचारा. ते थांबले, तर तो मान समजून खूश होऊ नका. कोपर पुढे करा, उद्या डॉक्टरकडे न्या, परवा ओटा धरून त्यांच्याबरोबर एका पायावर उभे राहा. आणि त्यांना खुर्चीत बसवू नका. चालू द्या.